टीबीचा उपचार खासगीत, नोंद सरकारात: या चुका टाळा

खासगी डॉक्टरांनी टीबीचे निदान केले आणि ‘सरकारी दवाखान्यात नाव नोंदवावे लागेल’ म्हणाले की घरातले बिथरतात. डॉक्टर बदलावा लागणार, रांगा लावाव्या लागणार, गल्लीभर बोभाटा होणार, असे वाटते. मग काही जण ‘नोंद नको’ म्हणून डॉक्टरांनाच गळ घालतात. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची माहिती सरकारला कळवणे खासगी डॉक्टर, रुग्णालये आणि लॅब यांना बंधनकारक आहे. २०१८ च्या अधिसूचनेने औषध दुकानदारही त्यात आले. नोंद ‘निक्षय’ पोर्टलवर होते आणि रुग्णाला निक्षय आयडी मिळतो. डॉक्टर मात्र तेच राहू शकतात. त्या आयडीवर मोफत तपासण्या, मोफत गोळ्या, घरातल्यांची तपासणी आणि पोषणासाठी दरमहा १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते) हे सगळे खासगी रुग्णालाही लागू आहे. नोंद केल्याबद्दल ५०० आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी ५०० रुपये डॉक्टरांनाही मिळतात.

आयडी मिळाला का, हे स्वतः विचारा आणि तो फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे सरकारी केंद्रात गेल्यावर तो सांगितला नाही, तर तिथे दुसरी नोंद उघडली जाते. एकाच माणसाचे दोन आयडी होतात, जुन्या नोंदीत ‘उपचार सोडले’ असे पडते आणि पैशांपासून औषधांपर्यंत सगळे अडकते.

नमुना चुकला की निदान चुकते

रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ओळखणाऱ्या चाचण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे. कोणी तशी चाचणी सुचवली तर नकार द्या. मांटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी शरीरात कधीतरी जंतू शिरला एवढेच सांगते. आजार आहे की नाही, ते सांगत नाही. नुसत्या एक्स-रेवर सहा महिन्यांची औषधे सुरू करणेही बरोबर नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणीत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का, हे दोन्ही काही तासांत कळते. ही चाचणी सरकारी केंद्रात मोफत होते. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन फक्त तेवढ्यापुरते तिथे जाता येते.

नमुना गोळ्या सुरू होण्याआधी द्यायचा. बेडका दोनदा द्यावा लागतो: एक जागेवर, एक पहाटे उठल्याबरोबर. चूळ भरून, खोल श्वास घेऊन खोकल्यावर छातीतून येतो तो बेडका. किमान २ मिलिलिटर हवा. तोंडातली लाळ दिली की टीबी असूनही अहवाल ‘नाही’ येतो. आणखी एक घोळ वारंवार होतो: खोकल्यावर लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स दिला जातो. हे औषध टीबीच्या जंतूवरही चालते, त्यामुळे रुग्णाला काही दिवस बरे वाटते आणि निदान लांबते.

टीबीच्या संशयावरून मानेतली गाठ काढायची असेल तर फार जपायला हवे. खासगी शस्त्रक्रियेनंतर पूर्ण तुकडा सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) होत नाही, सीबीनॅटलाही तो नमुना चालत नाही. तुकड्याचे दोन भाग करायचे: एक फॉर्मॅलिनमध्ये बायॉप्सीसाठी, दुसरा साध्या सलाईनमध्ये टीबीच्या चाचणीसाठी. ऑपरेशनच्या आधीच सर्जनना तसे सांगा. नंतर काही करता येत नाही.

‘सरकारीत जाऊन या’ ही चिठ्ठी नव्हे

तोंडी पाठवलेला रुग्ण दोन्हीकडून सुटतो. खासगी डॉक्टर समजतात तो तिकडे गेला, तिकडे त्याची कोणाला खबरच नसते. चिठ्ठीत पुढील गोष्टी हव्यात: वजन, झालेल्या तपासण्या तारखेसकट, कोणते औषध किती आणि कोणत्या तारखेपासून, एचआयव्ही आणि साखरेचा अहवाल, निक्षय आयडी, मोबाईल. सर्वात महत्त्वाचे म्हणजे नेमके काय हवे आहे: फक्त तपासणी, फक्त गोळ्या, की पुढचा सगळा उपचार. हे एक वाक्य नसल्याने रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून तपासत बसतात.

चाचणीत रिफाम्पिसिनला दाद न देणारा टीबी निघाला, तर मात्र खासगीत थांबू नका. बेडाक्विलिनसारखी औषधे सरकारी कार्यक्रमातून मिळतात आणि ती सुरू करण्याआधी हृदयाचा ईसीजी लागतो. जिल्हा क्षयरोग केंद्रातून पुढे पाठवून घ्या.

गोळ्या बदलताना

सरकारी एकत्रित गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असते. मोठ्या माणसाला रोज २५–३४ किलोला २, ३५–४९ ला ३, ५०–६४ ला ४, ६५–७५ ला ५ गोळ्या. दुकानातल्या किटची रचना वेगळी असते, म्हणून गोळ्यांची संख्या वेगळी दिसते. त्यावरून सरकारी औषध हलके ठरवू नका. दोन्ही एकत्र तर कधीच घेऊ नका, यकृतावर बेतते. झालेले महिने मोजले जातात: दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, आणि फक्त औषधांचा स्रोत बदलला म्हणून गणती शून्यापासून होत नाही. उपचारादरम्यान वजन ५ किलोहून जास्त वाढले आणि गट ओलांडला तर मात्रा वाढवावी लागते. खासगी तपासणीत वजनकाट्यावर उभे राहायचे राहून जाते; दर महिन्याला स्वतःहून वजन करायला सांगा.

डोळे पिवळे झाले, उलट्या सुरू झाल्या, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवी नारिंगी होणे मात्र रिफाम्पिसिनचे नेहमीचे लक्षण आहे.

पोषणाचे पैसे आले नाहीत तर आधी बँकेत जा. खाते बंद पडलेले असणे किंवा नाव आधारशी न जुळणे, ही कारणे असू शकतात. खाते दुरुस्त झाल्यावर क्षयरोग कर्मचाऱ्याला पुन्हा तपशील द्या. पोर्टलवर ते आपोआप बदलत नाहीत.

ऊसतोडीला किंवा कामाला दुसऱ्या जिल्ह्यात निघणार असाल, तर निघण्याआधी नोंद तिथल्या केंद्राकडे वर्ग करून घ्या आणि मधल्या दिवसांच्या गोळ्या सोबत मागा. अडल्यास निक्षय हेल्पलाइनचा १८००-११-६६६६ हा क्रमांक मोफत आहे.