कडाक्याच्या थंडीत हायब्रीड गाडीची बॅटरी उबदार कशी ठेवावी

टोरांटो किंवा मिनियापोलिससारख्या शहरांत पारा उणे 20 अंशांच्या खाली उतरला की हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) गाडीच्या मुख्य बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, तिचा अंतर्गत रोध (वीज वाहण्यास होणारा अडथळा) वाढतो आणि ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज ती पुरेशी साठवू शकत नाही. परिणामी इंजिन अधिक वेळ चालते व पेट्रोल जास्त लागते. म्हणून रात्री गाडी गॅरेजमध्येच ठेवावी. गॅरेज तापवलेले नसले, तरी वाऱ्यापासून मिळणारा आडोसा मोलाचा असतो.

प्लग-इन हायब्रीड (बाहेरून प्लग लावून चार्ज करता येणारी गाडी) असल्यास चार्जिंगची वेळ अशी लावावी, की ते निघण्याच्या थोडे आधी पूर्ण होईल, कारण चार्ज होताना बॅटरी स्वतःच थोडी तापते. गाडीचा अंतर्भागही प्लग जोडलेला असतानाच गरम करून घ्यावा.

टोयोटा प्रियसच्या अनेक मॉडेलांत बॅटरी मागच्या सीटजवळ असते आणि सीटच्या बाजूच्या जाळीतून गाडीतली हवा तिच्याकडे खेचली जाते. हिवाळ्यात जाड जाकिटे काढून नेमकी त्याच जाळीवर टाकली जातात. ती जाळी मोकळी ठेवावी. ऊब टिकवण्यासाठी घोंगडी कोंबून ती बंद करणे तर पूर्णपणे चुकीचे आहे, कारण लांबच्या प्रवासात बॅटरीला गारव्याचीही गरज भासते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते: बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ती तापवू नये. हायब्रीडचे इंजिन आपोआप सुरू होते आणि त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो.