पॅलिएटिव्ह केअरमध्ये येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने पुढे काय शिकावं?

बीओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची (आजारातही रोजची कामं करता यावीत यासाठीच्या थेरपीची) पदवी झालेली मुलं-मुली विचारतात, "मॅडम, पॅलिएटिव्हमध्ये यायचंय, कोणता कोर्स करू?" पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणारी काळजी. कोर्सबद्दल पुढे सांगतेच, पण आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. कॉलेजात आपण शिकतो ती थेरपी बहुतेक वेळा रुग्ण सुधारणार हे धरून चालते. अर्धांगवायूनंतर हात हळूहळू हलायला लागतो आणि आपला गोलही (थेरपीचं उद्दिष्ट) त्याच्याबरोबर वर सरकतो. इथे माणूस पुढच्या आठवड्यात आजच्यापेक्षा जास्त थकलेला असणार, हे ठाऊक असतानाच गोल ठरवायचा असतो. माझ्या मते या क्षेत्रातलं पुढचं सगळं शिक्षण म्हणजे हे एक कौशल्य कमावणं.

एका काकांचं सांगते. फुफ्फुसाचा कॅन्सर होता, दोन वाक्यं बोलली की धाप लागायची. मुलगा-सून जिवापाड करत होते, पण काकांचा हट्ट एकच होता, आंघोळ माझी मी करणार. ताकद वाढवण्याचा प्रश्नच नव्हता. मग न्हाणीघरात पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेवली. वाकलं की दम लागतो, म्हणून बादली जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवली. मोठा मग जाऊन छोटा, हलका मग आला. पाणी कोमट ठेवलं आणि वाफ कोंडू नये म्हणून दार किलकिलं ठेवलं. अंग पुसायला फार दम खर्च होतो, म्हणून टॉवेलच्या कापडाचा सैल झगा शिवून घेतला. तो चढवून बसून राहायचं, पाणी आपोआप टिपलं जातं. बाहेर आल्यावर हातात धरायचा छोटा पंखा चेहऱ्यासमोर धरायचा. चेहऱ्यावर गार वारा लागला की धाप कमी जाणवते, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे. अगदी शेवटच्या दिवसांपर्यंत काका स्वतःच्या हाताने अंगावर पाणी घेत होते. यात महाग असं काहीच नाही. पण हे सुचायला धाप, थकवा आणि ते घर, तिन्ही नीट समजलेलं असावं लागतं.

शिकण्याच्या यादीत मी सुरक्षितता सगळ्यात वर ठेवते. कॅन्सर हाडांत उतरलेला असेल तर साधं कुशीवर वळवतानाही हाड मोडू शकतं. त्यामुळे रिपोर्ट वाचल्याशिवाय आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावायचा नाही. अशा रुग्णाची पाठ नव्याने दुखायला लागली, पायातली ताकद गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर थेरपी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

त्यानंतर मोजमापं येतात. ईसॅस या लक्षणांच्या प्रश्नावलीत वेदना, थकवा, धाप, चिंता अशा लक्षणांना रुग्ण 0 ते 10 आकडा देतो. पीपीएस (पॅलिएटिव्ह परफॉर्मन्स स्केल) या मोजपट्टीवरून माणूस किती हिंडता-फिरता राहिला आहे याचा अंदाज येतो. माझा जीव मात्र सीओपीएमवर (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर) आहे. त्यात कोणती कामं महत्त्वाची हे रुग्णच सांगतो, मग ती कशी जमतात आणि त्यात समाधान किती, यांना 1 ते 10 गुण देतो. आजार वाढला की जमण्याचा आकडा घसरतो, पण समाधानाचा वाढू शकतो. आपलं काम कुठे आहे ते या एका ओळीत दिसतं.

संवादाचं प्रशिक्षण टाळू नका. "मी बरा होईन ना?" हा प्रश्न डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त वेळा ऐकावा लागतो, कारण आपण जेवण, कपडे, संडास अशा कामांत शेजारी असतो. आपल्याकडे अनेकदा घरचे दारातच हळूच सांगतात, "त्यांना काही बोलू नका हं." या दोघांच्या मधे उभं राहून खोटं न बोलता बोलायचं कसं, हे रोल-प्ले करूनच अंगवळणी पडतं. त्यासाठी नुसती व्याख्यानं पुरत नाहीत.

आता हे सगळं कुठे शिकायचं? मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून आहे. भारतातलं ते पहिलं हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था. टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर अँड ट्रेनिंग सेंटर 1997 पासून चालतं. केरळमध्ये कोझिकोडची इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिन आणि तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया या दोन्ही संस्था प्रशिक्षण देतात, आणि पॅलियमची ऑनलाइन सत्रं नोकरी सांभाळूनही करता येतात. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर 1994 ची. तिची वार्षिक परिषद एकदा तरी गाठाच.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. पुष्कळसे कोर्स डॉक्टर आणि नर्स डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. म्हणून फी भरण्याआधी थेरपिस्टना प्रवेश आहे का, रुग्णासोबत प्रत्यक्ष काम किती, घरभेटी आहेत का, आणि आपली नोंदणी करणाऱ्या कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट मिळतात का, हे लेखी विचारून घ्या. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पॉइंट लागतात हे खरं, पण नुसत्या पॉइंटपायी रविवारची व्याख्यानं गोळा करत बसू नका. घरभेटी असलेला कोर्स पॉइंट कमी देत असला तरी मी तोच निवडेन. मॉर्फिन या वेदनाशामकाच्या डोसवरच्या तासालाही नीट बसा. औषध आपण देत नसलो तरी ते घेतल्यावर वेदना कधी कमी असते हे कळलं, तर आंघोळ किंवा थेरपीची वेळ त्याप्रमाणे लावता येते.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं एखाद्या सीनियरसोबतच काढा, ती ऑक्युपेशनल थेरपिस्टच हवी असं नाही. घरभेटीला मुरलेली नर्सही उत्तम गुरू असते. रुग्ण गेल्यावर टीमसोबत बसून बोलायची वेळ ठरलेली आहे का, हे मुलाखतीतच विचारा. ती पद्धत नसेल, तर मी त्या नोकरीचा पुन्हा विचार करायला सांगेन. आणि केस लिहून ठेवायला लागा, नाव-गाव काढून. भारतीय बैठकीचा संडास, जमिनीवरची पंगत, देवापुढचा पाट, चाळीतलं सामाईक नळकोंडाळं, यांवर शोधलेले उपाय परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. ते आपल्याच हातून नोंदले जायला हवेत.