जुन्या अँबेसेडरचे टायमिंग आणि व्हॅक्यूम ॲडव्हान्स

१४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल अँबेसेडरचे टायमिंग (प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ) लावण्यापूर्वी पॉइंटचा, म्हणजे कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचा, गॅप तपासावा, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकते. ल्युकास पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये (ठिणगीचा प्रवाह प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या भागात) पॉइंट पूर्ण उघडले असता हा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावा.

प्लग काढून हँडलने इंजिन फिरवावे. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला असता आतली हवा अंगठा उचलू लागली की पिस्टन दाबाच्या फेरीत आहे असे समजावे, आणि पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर आणावी. खूण पुढे गेल्यास इंजिन उलटे फिरवून भागत नाही. बरेच मागे नेऊन पुन्हा सुलट दिशेनेच आणावे, म्हणजे चेनचा ढिलेपणा मोजमापात येत नाही. त्यानंतर १२ व्होल्टच्या बल्बची एक तार कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टोकाला आणि दुसरी इंजिनच्या लोखंडाला जोडून स्विच चालू करावा. क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर त्याच्या आत फिरणाऱ्या रोटरच्या दिशेने फिरवला की बल्ब विझतो. मग विरुद्ध दिशेने हळूहळू फिरवत बल्ब नुकताच पेटेल तिथे क्लॅम्प कसावा.

टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) खात्री करताना व्हॅक्यूमची नळी, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी, काढून कार्ब्युरेटरकडचे तोंड बुजवावे. ही नळी कायमची बंद करण्याची काही गॅरेजमधली सवय मात्र मला मान्य नाही. अर्ध्या ॲक्सिलरेटरवर सिलिंडरमधले मिश्रण विरळ असते, ते सावकाश जळते, म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. नळी बंद असली की तेवढे पेट्रोल वाया जाते. व्हॅक्यूमच्या भागातला डायाफ्राम (ओढीने हलणारा पातळ पडदा) ठीक आहे का हे पाहण्यासाठी नळी तोंडाने ओढावी: पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे आणि जिभेने नळीचे तोंड दाबून धरल्यास तशीच थांबली पाहिजे.

खरी परीक्षा बीडजवळच्या मांजरसुंबा घाटात, इंजिन चांगले तापल्यावर होते. चढावर टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता व्हॅक्यूम जवळजवळ शून्य होतो. तेव्हा नॉकिंग (इंजिनची खडखड) ऐकू आल्यास दोष मूळ टायमिंगचा किंवा वजनांच्या ॲडव्हान्सचा, म्हणजे वेग वाढला की डिस्ट्रिब्युटरमधली वजने बाहेर फेकली जाऊन ठिणगी लवकर पाडतात त्या भागाचा, असतो. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने जातानाच खडखड होत असेल, तर व्हॅक्यूमचा भाग जास्त ओढतो आहे. मराठवाड्यातला मे महिना, ४२ अंशांचा पारा आणि भरलेली गाडी असे सगळे जुळून आले तर मूळ टायमिंग एखादा अंश मागे घेणे योग्य. त्याहून जास्त मागे घेतल्यास जळण उशिरा होऊन इंजिन तापते आणि दोष बिचाऱ्या रेडिएटरला दिला जातो. एखादा अंश मागे घेण्यासाठी क्लॅम्प सैल करण्याची गरज नाही. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूचा दातेरी नट बोटांनी ‘आर’ (रिटार्ड, म्हणजे मागे) अक्षराच्या दिशेने थोडा फिरवून पुन्हा तोच चढ चढून पाहावा.