क्रॉसओव्हरसाठी ड्रायव्हर मोजताना माइकच्या जागेच्या या चुका टाळा

संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये आलेख सपाट दिसतो, पण क्रॉसओव्हर (ध्वनीचे उंच-खालचे भाग वेगवेगळ्या ड्रायव्हरकडे, म्हणजे स्पीकरमधल्या ध्वनी काढणाऱ्या घटकांकडे, वाटून देणारे सर्किट) जोडून प्रत्यक्ष मोजले की २५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला आढळतो. टू-वे स्पीकर, म्हणजे उंच स्वरांचा ट्वीटर आणि खालच्या स्वरांचा वूफर असलेला स्पीकर, घरी बांधणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी आपण कपॅसिटर आणि कॉइल पुन्हा तपासत बसतो. दोष मात्र बहुतेकदा माइकच्या स्टँडपाशी असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ट्वीटर मोजताना माइक ट्वीटरसमोर ठेवणे आणि वूफरची पाळी आली की तो खाली सरकवून वूफरसमोर आणणे. दोन्ही ड्रायव्हरना सारखी वागणूक दिल्याचे समाधान त्यात मिळते खरे, पण ऐकणाऱ्याचा कान असा खालीवर होत नाही. दोन्ही केंद्रांत १६ सेंटिमीटर अंतर असेल आणि माइक ट्वीटरच्या अक्षावर १ मीटरवर असेल, तर वूफरच्या ध्वनीला सुमारे १.३ सेंटिमीटर अधिक अंतर कापावे लागते. २५०० हर्ट्झला तरंगलांबी साधारण १३.७ सेंटिमीटर असल्याने एवढ्याशा अंतराने फेजमध्ये (तरंगाच्या आवर्तनातील स्थितीत) सुमारे ३३ अंशांचा फरक पडतो, आणि माइक खाली घेताच तो मोजणीतून नाहीसा होतो. त्यामुळे दोन्ही ड्रायव्हर त्यांच्याच कॅबिनेटमध्ये बसवून, माइक न हलवता मोजावेत. मी स्टँडच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवतो, कारण घरात वावरणाऱ्यांचा धक्का लागतोच.

माइक स्थिर असूनही दोन ड्रायव्हरमधला वेळेचा हा संबंध हरवू शकतो. यूएसबी माइक वापरताना वेळेचा समान संदर्भ नसेल, तर प्रत्येक स्वीपची (खालच्या स्वरापासून उंच स्वरापर्यंत सरकणाऱ्या चाचणी-ध्वनीची) सुरुवात सॉफ्टवेअर आपल्या परीने ठरवते. शक्य असल्यास दोन चॅनेलच्या साउंड कार्डावर लूपबॅक (एका चॅनेलचे आउटपुट थेट त्याच्याच इनपुटला देणारी तार) जोडावा. ते नसेल तर त्याच जागेवरून दोन्ही ड्रायव्हर समांतर जोडून तिसरी मोजणी घ्यावी आणि सिम्युलेशनमधील बेरीज तिच्याशी जुळेपर्यंत एका ड्रायव्हरचा विलंब बदलत जावा.

जमिनीवरून येणारे परावर्तन टाळण्यासाठी माइक ३० सेंटिमीटरवर आणणे हा उपाय अपायकारक ठरतो, कारण वरच्या उदाहरणातला अंतराचा फरक तेथे ४ सेंटिमीटर होतो. त्यापेक्षा स्पीकर उंच ठेवावा. ट्वीटर आणि माइक १.२ मीटर उंचीवर असतील, तर १ मीटरवरच्या मोजणीत परावर्तन सुमारे ४.७ मिलिसेकंदांनी उशिरा येते आणि त्याआधीचाच भाग घेतल्यास साधारण २१५ हर्ट्झपासून वरची माहिती विश्वासार्ह राहते. उंची ७० सेंटिमीटर असेल तर ही मर्यादा ४७५ हर्ट्झच्या आसपास जाते.

त्याखालच्या भागासाठी माइक वूफरच्या कोनाजवळ, ५ मिलिमीटरवर न्यावा. मात्र परिणामकारक त्रिज्या ६.५ सेंटिमीटर असलेल्या वूफरची ही मोजणी सुमारे ८४० हर्ट्झच्या वर ग्राह्य धरू नये, आणि बॅफलचा (कॅबिनेटच्या पुढच्या फळीचा) परिणाम तीत उतरत नसल्याने तो हिशेबात मिळवूनच जवळचा आणि १ मीटरवरचा असे दोन आलेख सांधावेत.

माइक स्पीकरकडे रोखलेला असेल तर शून्य अंशाची कॅलिब्रेशन फाइल (माइकची स्वतःची त्रुटी दुरुस्त करणारी फाइल) निवडावी, हे सांगण्याची खरे तर गरज नसावी.

कोनातली मोजणी करताना कॅबिनेट फिरवावे, आणि तेही पुढच्या फळीच्या रेषेवर. ३० सेंटिमीटर खोल कॅबिनेट मधोमध धरून ६० अंशांत वळवले, तर ट्वीटर साडेसात सेंटिमीटर मागे आणि १३ सेंटिमीटर बाजूला जातो. फिरत्या पाटावर पुढची फळी मध्यावर आणली की मागचे वजन एका बाजूला झुकते, तेव्हा पाट रुंद घ्यावा.