मैदानावरच्या उपासनेत क्वायर मागे पडू नये म्हणून

चर्चमध्ये नीट बसलेलं स्तुतिगीत मोठ्या मैदानात संथ होत जातं, कारण लोकांचा आवाज 100 मीटरवरून स्टेजवर यायला साधारण 0.3 सेकंद लागतात आणि आपण नकळत त्याच्यामागे जातो.

1. मेडिकलमध्ये मिळणारा फोमचा इअरप्लग एकाच कानात घाला, मॉनिटरपासून (म्हणजे स्टेजवर गाणाऱ्यांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरपासून) लांबच्या. त्या कानात स्वतःचा सूर स्वच्छ ऐकू येतो. आल्टो आणि टेनरवाल्यांनी, म्हणजे मुख्य चालीपेक्षा वेगळे सूर गाणाऱ्यांनी, तर घालावाच. समोरचे सगळे मुख्य चाल गात असतात, त्यामुळे आपला पार्ट सुटायला वेळ लागत नाही.

2. मॉनिटरमध्ये कीबोर्ड आणि एकच लीड आवाज मागा. प्रत्येकाला स्वतःचा आवाज हवा असतो, पण तसं केलं की नुसता गलका होतो.

3. ठेका डोळ्यांनी धरा. ढोलकवाल्याचा हात दिसेल असे उभे राहा. लोकांच्या टाळ्यांवर अजिबात जाऊ नका.

एक सांभाळा: प्लग घातला की आपला आवाज आपल्यालाच मोठा वाटतो आणि माणूस दबक्या आवाजात गातो. म्हणून साउंड चेकलाही प्लग घालूनच गा, म्हणजे साउंडवाला त्या आवाजावर माइकची लेव्हल लावेल.