सेकंडहँड टू-स्ट्रोक आउटबोर्ड मिसिंग मारतंय? स्क्रूला हात लावण्याआधी या चुका टाळा

२०१९च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली आणि आमच्या पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांची बोटीकडं बघायची नजरच बदलली. पुढं आम्ही चारपाच जणांनी वर्गणी काढून मालवणकडनं पंधरा हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरनं लावायचं इंजिन आणलं. विकणाऱ्यानं ड्रममध्ये ठेवून दोरी ओढली, दुसऱ्या ओढीला सुरू. आम्ही खूश.

औदुंबरच्या घाटावरनं पलीकडं भुवनेश्वरीकडं निघालो आणि सातआठ मिनिटांत भर नदीत इंजिन भकभकायला लागलं, मग गप्प. वल्ही मारत परत आलो. काठावर आमच्यातले तात्या स्क्रूड्रायव्हर घेऊन तयारच होते.

सगळ्यात महागडी चूक हीच. इंजिन अडखळलं की कार्बोरेटरचा, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा स्क्रू पिळायचा. अहो, काल चाललेलं इंजिन आज चालत नसेल, तर रात्रीत तो स्क्रू काय आपोआप फिरला? बिघाड राहतो तिथंच, वर सेटिंगही जातं. दोन दिवसांनी मूळ दुखणं कुठलं आणि आपण केलेलं कुठलं, हेच कळेनासं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि सुरुवात टाकीपासून करा.

टाकीचं झाकण आणि फुगा

आमच्या टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू होता. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद केलेला, उघडायचं कुणाच्या ध्यानातच नाही. इंजिन पेट्रोल ओढतं, टाकीत हवा जात नाही, आत पोकळी होते आणि पाचदहा मिनिटांत इंजिन उपाशी मरतं. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू होतं, म्हणून माणूस चकतो. ओळख सोपी: बंद पडल्याबरोबर पाइपवरचा, हातानं दाबून पेट्रोल पुढं ढकलायचा रबरी फुगा बघा. चपटा झाला असेल, तर टाकीकडून पेट्रोल येत नाही. हवेचा स्क्रू बंद असेल किंवा टाकीतली जाळी तुंबली असेल. फुगा कितीही दाबला तरी कडकच होत नसेल, तर कुठंतरी हवा ओढतोय किंवा त्याचा व्हॉल्व्ह गेलाय. फुग्यावरचा बाण इंजिनाकडं आहे ना, हेही बघा. उलटा बसवलेला फुगा मी डोळ्यांनी पाहिलाय. झाकणावरच्या त्या स्क्रूला आता आम्ही लाल नेलपेंटचा ठिपका दिलाय. नेलपेंट कुणाच्या घरनं आणलं, ते विचारू नका.

गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल

पुरासाठी ठेवलेलं इंजिन दहा महिने कोपऱ्यात पडून असतं आणि जूनमध्ये त्याच पेट्रोलवर दोरी ओढली जाते. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसाचं म्हणून कौतुक ठीक आहे, पण ते हवेतला दमटपणा ओढून घेतं. पाणी वाढलं की इथेनॉल पाण्याला धरून खाली बसतं. टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये आणि पाइप ओढतो तळातनं. म्हणजे इंजिनाला जातंय ते बिनऑइलचं पाणीच. काचेच्या बाटलीत थोडं काढून रात्रभर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला, तर सगळं ओतून टाका. जुन्या पाइपचं आतलं अस्तरही इथेनॉलनं सुटतं आणि त्याचे काळे कण जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात जाऊन बसतात. जेट साफ करताना तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर मारा आणि हवा द्या.

"अजून थोडं ऑइल टाक"

पेट्रोल-ऑइलचं मिश्रण साधारण ५० ला १, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिलि ऑइल. काही जुन्या मॉडेलना दुप्पट लागतं, तेव्हा मॉडेल बघूनच ठरवा. जास्त ऑइल घातलं की इंजिन सुरक्षित, हा समज खोटा आहे. ऑइल वाढवलं की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं आणि प्लग काळा होतो तो वेगळाच. दुसरं म्हणजे मोटरसायकलचं टूटी (2T) ऑइल वापरू नका. आउटबोर्ड पाण्यावर थंड होतं, त्याला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच ऑइल घ्या.

दोन्ही प्लग शेजारी ठेवा

पेट्रोल ठीक झालं, आमचं इंजिन बंद पडायचं थांबलं, पण मिसिंग काही गेलं नाही. मग दोन्ही प्लग काढून पाट्यावर ठेवले. वरचा चॉकलेटी, कोरडा. खालचा काळा, पेट्रोलनं ओला. खालचा सिलिंडर जळतच नव्हता. इंजिन एकाच पायावर लंगडत होतं आणि आम्ही स्क्रूला दोष देत होतो.

प्लगची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर दुसरीकडं गेला तर प्लग खराब. तिथंच राहिला तर वायर, तिच्या टोकाची कॅप आणि ठिणगीसाठी वीज वाढवणारी कॉइल बघायची. आमचा तिथंच राहिला. कॅप पिळून काढली, तर आत हिरवा थर, खाऱ्या हवेची मेहेरबानी. वायरचं टोक अर्धा इंच कापून नवीन कॅप लावली. स्पार्क बघताना प्लग इंजिनाच्या बॉडीला नीट टेकवा. कॅप मोकळी लोंबकळत ठेवून दोरी ओढली तर सीडीआय, म्हणजे ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा जाऊ शकतो. आणि पेट्रोलचा डबा तेवढा लांब ठेवा.

इंजिन वीसेक मिनिटं मस्त चालून गरम झाल्यावर एक सिलिंडर सोडतं आणि गार झालं की पुन्हा धरतं, असं असेल तर संशय कॉइलवर घ्या. एखादा प्लग धुतल्यासारखा लख्ख निघाला, तर तिथं पाणी जातंय, सिलिंडरच्या डोक्याखालची पट्टी (हेड गॅस्केट) बघा. कार्बोरेटरच्या तोंडातनं पेट्रोल उलटं उडत असेल, तर रीड व्हॉल्व्हची, म्हणजे मिश्रण एकाच बाजूला जाऊ देणाऱ्या झडपेची पात तुटलेली असू शकते.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजताना दोन्ही प्लग काढा, एक्सलेटर पूर्ण उघडा. आकडा किती यापेक्षा दोन्ही सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नाही ना, ते बघा. कोकणातनं आणलेलं इंजिन केरोसीनचं मॉडेल असू शकतं. पेट्रोलवर सुरू करून केरोसीनवर न्यायची ती इंजिनं. त्यांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी असतं. एवढ्यावरनं इंजिन खोलायला घेऊ नका.

इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार येत नसेल तर लगेच बंद करा. ते पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (पंखा) कोरडा चालला की काही सेकंदांत फाटतो, म्हणून "जरा आवाज ऐकू" म्हणून बिनपाण्याचं सुरू करायचं नाही. पुरात धार बंद व्हायला गाळ आणि उसाचा पाला पुरतो. बोट ढकलणाऱ्या पंख्यात जलपर्णी गुंतली तर आधी इंजिन बंद, मग हात. इंजिन ओरडतंय पण बोट हलत नाही, तर पंख्याची पिन तुटलेली असू शकते.

आता कार्बोरेटरचा स्क्रू. आधीच्या मालकानं पिळलेला असतोच. हलक्या हातानं आत टेकवा, किती आटे गेले ते मोजून लिहून ठेवा, मग साधारण दीड आटा बाहेर घ्या. बाकीचं ड्रममध्ये करू नका, तिथं इंजिन स्वतःचाच धूर ओढून घुसमटतं. बोट पाण्यात, इंजिन गरम, गिअर पुढं टाकलेला, तेव्हा पाव-पाव आटा फिरवायचा.

आमचं आता पलीकडं जाऊन परत येतं. मंद गतीला थोडं थरथरतं, टू-स्ट्रोक आहे, तेवढं थरथरणारच. ते ऐकून तात्यांचा हात अजूनही खिशाकडं जातो. स्क्रूड्रायव्हर माझ्याकडं आहे.