नर्व्हस सिस्टीम डोक्यात बसत नाहीये? मी कशी शिकले ते सांगते

बीएस्सी नर्सिंगला नुकतंच अ‍ॅडमिशन घेतलेल्या पोरापोरींसाठी लिहितेय, खास करून आपल्या खान्देशातून मराठी मिडीयमने आलेल्यांसाठी. मी अमळनेर तालुक्यातली, दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली. पहिल्या वर्षी नर्व्हस सिस्टीमचा, म्हणजे मज्जासंस्थेचा धडा तीनदा पाठ केला तरी इंटर्नलला एक प्रश्न धड लिहिता आला नाही, कारण नावं सगळी पाठ होती पण कोण कुणाला काय सांगतं तेच कळलेलं नव्हतं.

ते कळलं घरी, भरताच्या दिवशी. मळ्यात पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजत होतो, मी एक वांगं उलटवायला गेले आणि बोट निखाऱ्याला लागलं. हात आधी मागे आला, भाजलं हे नंतर जाणवलं. तिथंच डोक्यात आलं की अरे हीच ती रिफ्लेक्स आर्क, कातडीतून निरोप निघाला, सेन्सरी न्यूरॉनने (जाणीव आत नेणाऱ्या नर्व्हच्या पेशीने) तो पाठीच्या कण्यातल्या स्पायनल कॉर्डपर्यंत नेला, तिथल्या मधल्या न्यूरॉनने मोटर न्यूरॉनला (स्नायूला हुकूम नेणाऱ्या पेशीला) सांगितलं, दंडाचा स्नायू आखडला आणि हात मागे, मेंदूला खबर लागायच्या आत काम झालेलं. त्या रात्री वहीत एकही व्याख्या लिहिली नाही, फक्त बाण काढले. तेव्हापासून प्रत्येक भागाला मी दोनच गोष्टी विचारते: निरोप कुठून निघाला आणि कुठं गेला.

मुख्य भाग तसे थोडेच आहेत. मेंदू आणि स्पायनल कॉर्ड मिळून सेंट्रल, त्यातून निघालेल्या नर्व्ह म्हणजे पेरिफेरल. मोठा मेंदू विचार, बोलणं, हालचालीचा हुकूम बघतो, लहान मेंदू तोल आणि हालचालीतला ताळमेळ, आणि ब्रेनस्टेममधला मेड्युला श्वास आणि हृदयाचे ठोके. क्रेनियल नर्व्हच्या 12 जोड्या, स्पायनलच्या 31: मानेत 8, छातीच्या भागात 12, कमरेत 5, त्याखाली सेक्रल 5 आणि शेवटची 1. मानेत मणके 7 आणि नर्व्ह 8, इथं व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत हमखास अडकवतात, तर लक्षात ठेवा की पहिली नर्व्ह पहिल्या मणक्याच्या वरून निघते.

दुसरं असं की मोठ्या माणसांत कॉर्ड कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपते, खाली फक्त नर्व्हचा झुबका असतो. म्हणूनच कण्यातलं पाणी काढताना सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यामध्ये घालतात. मी पेशंटचे गुडघे पोटाशी धरून बसले होते तेव्हा बाहेर त्याची आई रडत होती, पोराचे पाय जातील म्हणून. हे नीट शिकलं असेल तर तिला दोन वाक्यांत समजावता येतं, आणि समजावलंच पाहिजे.

आता ऑटोनॉमिक, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय आपोआप चालणारा भाग. हा भाग पुस्तकात सगळ्यात कोरडा वाटतो, पण कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला तो कॅज्युअल्टीत समोर दिसतो. फवारणीच्या दिवसांत एक भाऊ आणले होते, घामाने शर्ट पिळून निघेल असा, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. ऑरगॅनोफॉस्फरस गटातलं औषध अंगात गेलं की अ‍ॅसिटाइलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन तोडणारं एन्झाइम बंद पडतं, मग ते रसायन साचत जातं आणि पॅरासिम्पथेटिकचा, म्हणजे शरीराला आराम आणि पचनाकडे वळवणाऱ्या भागाचा निरोप थांबतच नाही. अ‍ॅट्रोपिन हे तो निरोप अडवणारं औषध दिलं तशी छाती मोकळी होत गेली, नाडी वाढली, तोंड कोरडं पडलं. पण अ‍ॅट्रोपिनने स्नायूंची कमजोरी जात नाही, ती वेगळ्या रिसेप्टरची, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेची गोष्ट, त्यासाठी पॅम (प्रॅलिडॉक्झिम) हे औषध देतात, आणि श्वास कमी पडतोय का यावर सारखी नजर ठेवावी लागते. रेस्ट अँड डायजेस्ट हे शब्द त्या रात्रीनंतर मला कधी पाठ करावे लागले नाहीत.

लकवा मारलेल्या पेशंटकडेही असंच बघा. हालचालीच्या वाटा मेड्युलात बाजू बदलतात म्हणून उजवा हातपाय गेला की बिघाड बहुतेक डाव्या मेंदूत, आणि बोलण्याची जागाही बहुतेकांची डावीकडेच. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने 1861 मध्ये ती दाखवली. अशा माणसाला पुष्कळदा आपलं बोलणं समजतं, फक्त शब्द बाहेर येत नाही, तर त्याच्याशी बहिऱ्यासारखं ओरडून बोलू नका, मला ते बघून फार वाईट वाटतं. आणि घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात गळाला, बोबडं झालं तर तेल चोळत बसू नका, मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

अजून एक, इंग्रजी शब्द शिका पण अहिराणी सोडू नका, हिस्ट्री, म्हणजे पेशंटच्या तोंडून त्रासाची हकीकत, तिच्यातच मिळते. "हातले मुंग्या येतस" म्हणजे सेन्सरी, "हातमा ताकदच नही" म्हणजे मोटर. शुगरच्या एक आजी सांगत होत्या, "पायखाले कापूस शे असं वाटस". मी लगेच पाय बघायला घेतले, कारण शुगरमध्ये सगळ्यात लांब नर्व्ह आधी खराब होतात म्हणजे सुरुवात तळपायापासून. चप्पल कधी निसटली तेही त्यांना कळलं नव्हतं. डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला होता, भोवती पू झालेला, आणि आजी मला विचारत होत्या की पोरी, तू इतका वेळ तिथं काय बघतेस.